बडोद्याहून उणे तीसच्या देशात: हिवाळी प्रवासाची तयारी

उत्तरायणाला पतंगांसाठी बडोद्यातल्या सगळ्या गच्च्या वाऱ्याची वाट बघत असतात. कॅनडातलं विनिपेग, कझाकस्तानचं अस्ताना किंवा आइसलंडचं रेक्याविक गाठायला निघालेल्या माणसाला मात्र त्याच वाऱ्यापासून अंग चोरायला शिकावं लागतं. तिकीट काढल्यावर बहुतेक जण तिथल्या तापमानाचा एक आकडा बघतात, घाबरतात आणि मिळेल ते सगळ्यात जाड जॅकेट घेऊन टाकतात. थंडी त्या आकड्यात थोडी असते. बाकीची वाऱ्यात, ओलीत आणि अंगावरच्या घामात असते.

हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाशेजारी ‘फील्स लाईक’ लिहिलेलं असतं, कपडे त्यावरून ठरवा. उणे १० अंशाला ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे २० लागतं. उणे २५ ला तेवढाच वारा असेल, तर उणे ३९. वाऱ्यासकट हा आकडा उणे २८ ते उणे ३९ च्या दरम्यान असेल, तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटं पुरतात. (उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच असतात, त्यामुळे तिथे तरी गोंधळ होत नाही.)

कुठे कसली थंडी

जितकं उत्तरेला तितकं थंड, हा हिशोब फसवतो. नॉर्वेचं ट्रोम्सो जवळजवळ ७० व्या अक्षांशावर आहे, पण शेजारून समुद्राचा उबदार प्रवाह जातो म्हणून जानेवारीची सरासरी उणे ४ च्या आसपास राहते. रशियातलं याकुत्स्क ६२ व्या अक्षांशावर, म्हणजे बरंच दक्षिणेला, पण समुद्रापासून दूर. तिथली जानेवारीची सरासरी उणे ३८ च्या आसपास. याकुत्स्क ज्या याकुतिया प्रांतात आहे, तिथल्याच ओयम्याकोनला १९३३ मध्ये उणे ६७.७ नोंदलं गेलं. कॅनडाचा नीचांक युकॉनमधल्या स्नॅगचा, १९४७ चा, उणे ६३. प्रवाशाच्या वाट्याला असले आकडे सहसा येत नाहीत. विनिपेगची जानेवारीची सरासरी उणे १६ च्या आसपास असते आणि एखाद्या आठवड्यात पारा उणे ३० च्या खाली जातो. तयारी त्या आठवड्याची करायची.

मंगोलियाची उलानबातर ही जगातली सगळ्यात थंड राजधानी. जानेवारीत सरासरी उणे २० च्या खाली, हवा कोरडी, ऊन लख्ख. तिथला खरा त्रास थंडीपेक्षा धुराचा आहे. शहर डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत आहे, गेर म्हणजे गोल तंबूघरांच्या वस्तीत घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटतात आणि वर उबदार हवेचं झाकण बसल्यासारखं झाल्यामुळे धूर खालीच कोंडतो. दमा असेल तर डिसेंबर-जानेवारी टाळा. नसेल तरी एन-९५ मास्क बरोबर हवाच. कझाकस्तानच्या अस्तानाला सपाट गवताळ प्रदेशावरून येणारा वारा सरळ तोंडावर बसतो.

आइसलंड ‘इतकं काही थंड नाही’ म्हणून लोक हलके कपडे घेतात आणि तिथेच फसतात. रेक्याविकला जानेवारीत पारा शून्याच्या आसपास घोटाळतो, पण अंगावर आडवा पाऊस येतो आणि रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर असतो. फिनलंडचं कोरडं, बिनवाऱ्याचं उणे १५ त्यापेक्षा पुष्कळ सुसह्य. आइसलंडला भाड्याची गाडी घेतलीत तर नाक वाऱ्याकडे करून लावा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वारा दार उलटं पिळून टाकतो, आणि हे नुकसान भाड्याच्या विम्यात सहसा धरत नाहीत.

कधी जावं? सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी थंडी जानेवारीच्या मध्यानंतर कळस गाठते, कारण जमीन तोवर उष्णता गमावतच असते. फिनलंडच्या उत्तरेला लॅपलंडमध्ये रोवानिएमीला डिसेंबरअखेर दिवस दोन-सव्वादोन तासांचा असतो. ट्रोम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. ध्रुवीय प्रकाश बघायचा आणि दिवसा फिरायचंही असेल, तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ घ्या. नाताळच्या गर्दीत दुप्पट पैसे देऊन अंधारात बसण्यात फारसा अर्थ नाही.

आतून बाहेर

खर्च आतून सुरू करा. त्वचेला लागणारा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा हवा, सुती अजिबात नको. बनियन, सुती मोजे, सुती परकर, सगळं इथेच ठेवा. कारण घरी तपासता येतं: एक सुती बनियन आणि एक पॉलिएस्टरचा खेळाचा टी-शर्ट दोन्ही भिजवा, सारखे पिळा आणि पंख्याखाली टांगा. टी-शर्ट कोरडा होईल तेव्हाही बनियन गार, ओला असेल. ओलं कापड अंगाला चिकटलं की पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं.

दुसरा थर फ्लीस किंवा लोकरीचा. आईने किंवा आत्याने विणलेला स्वेटर इथे खरंच कामाचा असतो, फक्त जॅकेटखाली सैल बसला पाहिजे. तिसरा थर पिसांचा किंवा कृत्रिम भरणाचा, आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारं कापड. मंगळ बाजारात जॅकेट बघत असाल तर बाहेरच्या कापडाला तोंड लावून जोरात फुंका आणि आत हात धरा. हाताला हवा लागली तर ते जॅकेट बडोद्याच्या स्कूटरसाठी ठीक आहे, अस्तानासाठी नाही. एरवीही जड जॅकेट इथून नेऊ नका असंच आम्ही सांगू. कॅनडात महिनाभर राहणार असाल तर तिथे उतरल्यावर घ्या. लॅपलंडमध्ये हस्की कुत्र्यांच्या गाडीच्या किंवा स्नोमोबाइलच्या सहली विकणारे बहुधा जाड ओव्हरऑल, बूट आणि हातमोजे देतात. बुक करताना तेवढं विचारून घ्या.

थर घालताना होणारी चूक म्हणजे घाम. चालायला निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं. आधीच उबदार वाटत असेल तर घाम येणार, आणि बस-स्टॉपवर उभं राहिल्यावर तोच घाम गारठवणार. म्हणून जॅकेट पुढून पूर्ण चेन उघडणारं घ्या आणि चढाला चेन खाली करा.

साडी नेसणाऱ्यांसाठी: घरात नेसा, बाहेर पडताना नको. ओचा बर्फात भिजतो, मग कडक होतो आणि पायऱ्यांवर पायात येतो. थर्मलवर लोकरीची सलवार किंवा आतून फ्लीस लावलेली पँट घाला. मंगळसूत्र आणि चेन थर्मलच्या वर, स्वेटरच्या आत राहू द्या. धातूचे झुमके उणे २५ ला कानाची पाळी गोठवतात, ते काढून ठेवा.

हात आणि पाय

पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा बोटं एकत्र राहणारा मिटन जास्त उबदार. आत पातळ पाच बोटांचा मोजा घाला, म्हणजे फोन किंवा पासपोर्ट काढताना मिटन निघाला तरी हात उघडा पडत नाही. मिटन दोरीने मनगटाला बांधा. वाऱ्यात उडालेला मिटन परत मिळत नाही.

बूट संध्याकाळी घालून बघा, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. आत पातळ मोजा, वर जाड लोकरीचा मोजा, आणि तरी टाचेमागे एक बोट आत गेलं पाहिजे. घट्ट बुटात रक्त नीट पोचत नाही, त्यामुळे तीन मोजे घालूनही बोटं बधिर होतात. लोखंडाच्या भुकटीचे हँड वॉर्मर हवा लागली तरच तापतात, म्हणून गच्च बुटात कोंबले की निरुपयोगी ठरतात. उघड्या कातडीलाही ते थेट लावू नका.

बर्फावर पेंग्विनसारखं चाला: पावलं छोटी, पाय पूर्ण टेकवून, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. बुटांवर चढवायचे दातेरी रबरी पट्टे मिळतात. मोठ्या माणसांसाठी ते आधी घ्या. दुकानात शिरताना मात्र काढा, फरशीवर ते जास्त घसरतात.

फोन, चष्मा, औषधं

लिथियमची बॅटरी थंडीत ४० टक्क्यांवरूनही अचानक बंद पडते. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. गारठलेला फोन आत आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, शून्याखाली चार्ज केल्याने बॅटरी कायमची खराब होते. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. कॅमेरा घरात नेण्याआधी बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि दोनेक तास उघडू नका. म्हणजे पाण्याचे थेंब पिशवीवर जमतील, लेन्सच्या आत नाही.

इन्सुलिन सामानात टाकू नका, गोठलं की ते फेकायचंच. अंगाजवळ ठेवा. ग्लुकोमीटरही थंडीत चुकतो किंवा बंद पडतो. थंडीत रक्तदाब चढतो, त्यामुळे हृदयाचा त्रास असलेल्यांनी मुलगा-सून ‘नको’ म्हणाले नाहीत तरी दारापुढचा बर्फ फावड्याने उपसायला घेऊ नये.

घरातली हवा वेगळी अडचण करते. उणे २५ च्या एक घनमीटर हवेत एक ग्रॅमही बाष्प मावत नाही. तीच हवा २२ अंशाला तापवली की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. पाणी पीत राहा, नाकात झोपताना थोडी व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन कोरडेपणा थांबवते, हिमदंश थांबवत नाही.

हिमदंश ओळखायचा कसा

आधी दुखतं, मग दुखायचं थांबतं. धोक्याची खूण ती दुसरी. नाकाचा शेंडा, गाल, कान, बोटं पांढरट, मेणासारखी दिसतात. स्वतःच्या नाकाचा रंग स्वतःला दिसत नाही, म्हणून जोडीने चालताना दर दहा मिनिटांनी एकमेकांचा चेहरा बघा. आत जा. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. हीटरसमोरही धरू नका, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. ३७ ते ३९ अंशाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी कोपराने तपासा. पुन्हा थंडीत जावं लागणार असेल तर आधी ऊब देऊ नका, वितळून परत गोठलेला भाग जास्त खराब होतो. फोड आले किंवा रंग परतला नाही तर थेट दवाखाना.

थरथरणं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, माणूस ‘मला गरम होतंय’ म्हणत जॅकेट काढायला लागला, तर शरीराचं तापमान धोक्याइतकं उतरलेलं असतं. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा. पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड चहा द्या. दारू नको, तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

शेवटी विमानाचं. बडोद्याहून मुंबई किंवा दिल्ली, नाहीतर गाडीने अहमदाबाद, आणि मग एक-दोन विमानं बदलून. चेक-इन बॅग मागे राहणं अगदी नेहमीचं. थर्मल, टोपी, मिटन, मोज्यांचा एक जोड आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. बूट पायात घाला, वजनही वाचतं. थेपले-खाकरे न्या, पण कॅनडात उतरताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करा. विमानतळाबाहेर पडण्याआधी, काचेच्या आतच, सगळे थर चढवा. टॅक्सीच्या रांगेत उभं राहून बॅग उघडाल तोवर बोटं चेन ओढण्याच्या लायकीची राहिलेली नसतात.