वारा लिहावा की हवा?

‘काल रात्री जोरदार हवेमुळे झाड पडले’ असे वाक्य मुद्रितशोधनासाठी समोर आले, की ते आधी हिंदीत सुचले असावे, अशी शंका मला येते. हिंदीत झाड पाडणारी आणि टायरमध्ये भरली जाणारी अशी दोन्ही ‘हवा’च असते. मराठीने मात्र हे काम वाटून दिलेले आहे. झाड पडते ते वाऱ्याने, आणि सायकलमध्ये भरतात ती हवा.

निवड करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की सांगायची गोष्ट आपणहून येणारी-जाणारी आहे, की आपल्याभोवती किंवा कशात तरी असलेली आहे. आपणहून येते-जाते तो वारा, आणि असते ती हवा. म्हणून ‘आज हवा कशी आहे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘दमट आहे’ किंवा ‘कुंद आहे’ असे येईल; ‘आज वारा कसा आहे?’ असे विचारल्यास मात्र तो पश्चिमेचा आहे, बोचरा आहे, की मुळीच नाही, ते सांगावे लागेल. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण आहे, थंड वाऱ्याचे नव्हे. वारा तिथेही कधी असतो, कधी नसतो. ‘भरणे’ हे क्रियापद दोन्हींबरोबर येते म्हणून गोंधळून जाऊ नये. फुग्यात हवा आपण भरतो, शिडात वारा स्वतः भरतो.

शंका उरलीच, तर सोबतच्या शब्दांवर कान ठेवावा. वारा सुटतो, वाहतो, घोंगावतो, अंगाला झोंबतो आणि शेवटी पडतो. हे ‘पडणे’ नवशिक्या लेखकाला हमखास फसवते, कारण पाऊस पडला म्हणजे आला आणि वारा पडला म्हणजे गेला. सोसाट्याचा असतो तो वाराच, आणि झुळूकही त्याचीच. ‘थंड हवा चालली आहे’ हे तर कोणत्याही घरात कोणी बोलत नाही. ‘गार वारा सुटला आहे’ असेच म्हणतात. पदराने किंवा वर्तमानपत्राने घालतात तोही वाराच, ‘बाळाला जरा वारा घाल’.

लाक्षणिक अर्थाने लिहिताना अधिक जपावे लागते, कारण तिथे शब्द बदलला की आशय पार पालटतो. ‘निवडणुकीचे वारे वाहू लागले’ म्हणजे वातावरण तयार होऊ लागले. ‘त्या उमेदवाराची हवा आहे’ म्हणजे त्याचा बोलबाला आहे, आणि तो पुढे टिकेलच असे नाही, ही खोचही त्यात आहे. एखाद्याला वाऱ्यावर सोडले म्हणजे त्याला निराधार केले, पण एखादा हवेत आहे म्हणजे त्याला यश चढले आहे. कानात वारे शिरलेल्या वासरासारखा उधळणारा माणूस, वाऱ्याशी भांडणारी शेजारीण, न जमणाऱ्या माणसांना एकत्र आणताना बांधावी लागणारी वाऱ्याची मोट, वाऱ्यालाही उभा न राहणारा कर्जदार, या ठिकाणी ‘हवा’ घालून पाहावी. एकही प्रयोग जिवंत राहत नाही. बोलण्यात ‘वारं’ असे नपुंसकलिंगी रूप सर्रास येते आणि अंगावरून वारं जाणे (पक्षाघात होणे) किंवा देवीचं वारं अंगात येणे अशा प्रयोगांत तेच शोभते. संवाद लिहिताना ते पुल्लिंगी करून सुधारू नये.

लेखनातली सगळ्यात महागात पडणारी चूक सामान्यरूपाची आहे. ‘वारा’चे सामान्यरूप ‘वाऱ्या’ होते आणि ‘वार’चे ‘वारा’. त्यामुळे ‘वाराने झाड पडले’ असे छापले, तर ते झाड कुऱ्हाडीच्या घावाने पडले, असा अर्थ निघेल. ‘वार्याने’ असा य वर रफार देणेही चूकच आहे. कळफलकावर नेहमीच्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा, त्याला हलन्ताचे चिन्ह जोडावे आणि मग य टाकावा, म्हणजे ‘ऱ्य’ नीट उमटतो.

दिशा लिहिताना वारा जिकडून येतो, त्या दिशेचे नाव त्याला द्यावे. नदीचे उलटे असते; पश्चिमवाहिनी नदी पश्चिमेकडे जाते, पण पश्चिमेचा वारा पश्चिमेकडून येतो. ‘नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडे वाहतात’ असे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे. किनाऱ्याबद्दल लिहायचे असेल, तर दिवसा समुद्रावरून येणाऱ्यांना खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्यांना मतलई वारे हे तयार शब्द आहेत. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतत.

संस्कृतातून आलेल्या शब्दांची कामे ठरलेली आहेत. विज्ञानात ‘वायू’ म्हणजे पदार्थाची एक अवस्था. हवा हे वायूंचे मिश्रण आहे, त्यात सुमारे 78 टक्के नायट्रोजन आणि 21 टक्के ऑक्सिजन असतो. म्हणून गळती होते ती वायूची. एकटा असताना त्याचा शेवटचा ऊ दीर्घ लिहावा, समासात तो आधी आला तर ऱ्हस्व: वायू, अर्धांगवायू, पण वायुगळती, वायुप्रदूषण. ‘पवन’ गद्यात सहसा एकटा येत नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्यांसारख्या जोडशब्दांत तो शोभतो. आयुर्वेदातला, सांध्यांत शिरणारा वात पुल्लिंगी आहे आणि समईतली वात स्त्रीलिंगी. कंटाळा आणणाऱ्या पाहुण्याने ‘वात आणला’ असे लिहावे, ‘वात आणली’ असे लिहिल्यास त्याने समईची सोय केली, असे होईल.