काढणीपूर्वी पोळ्यातच मधाचे पाणी कसे कमी करावे

महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात सातेरी, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांना मे महिन्याची अखेर अवघड जाते, कारण फुलोरा ओसरत असतानाच हवा दमट होऊ लागते आणि मधकोठीतल्या (पेटीतील मध साठवण्याच्या कप्प्यातल्या) पोळ्याच्या अनेक चौकटी अर्ध्याच मेणबंद झालेल्या असतात. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार मधात पाणी २० टक्क्यांहून अधिक असू नये; मध टिकवायचा असेल तर ते १८ टक्क्यांच्या आसपास आणणे उत्तम, अन्यथा तो आंबण्याची भीती राहते.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे चौकट माश्यांकडेच राहू देणे. तीन चतुर्थांशांहून अधिक घरे मेणबंद झालेलीच चौकट काढावी. उघड्या घरांविषयी शंका असेल तर चौकट आडवी धरून हलका झटका द्यावा आणि थेंब उडाले तर ती परत पेटीत ठेवावी. पाऊस तोंडावर आला म्हणून थांबणे शक्य नसेल, तेव्हाच पुढील उपाय करावा.

एक लहान खोली निवडून तिची दारे-खिडक्या व फटी बंद कराव्यात, म्हणजे बाहेरचा दमटपणा आणि मधाच्या वासाने येणाऱ्या माश्या दोन्ही थोपतील. मधकोठ्या जमिनीपासून उंच फळ्यांवर, एकमेकींवर किंचित तिरप्या रचाव्यात, जेणेकरून प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंनी हवा खेळेल. खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतील ओलावा काढणारे यंत्र) आणि पंखा दोन्ही चालू ठेवावेत. येथे अनेकांची गफलत होते: मध हवेतील ओलावा शोषून घेतो, त्यामुळे हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या बरीच वर असताना नुसता पंखा लावला तर मध सुकण्याऐवजी अधिकच पातळ होतो. आर्द्रतामापकावर ५० टक्क्यांखालचा आकडा दिसला पाहिजे. तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअस पुरते. त्याहून फार वाढवल्यास पोळे मऊ होऊन लोंबते, आणि सातेरीचे नवे, कोवळे पोळे तर सहज तुटते.

पाणी उतरण्याचा वेग उघड्या घरांच्या संख्येवर अवलंबून असतो, कारण मेणाच्या झाकणाखालचा मध फार सावकाश सुकतो. म्हणून दिवसांचा हिशेब धरून न बसता सकाळ-संध्याकाळ रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे मधातील पाण्याचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने मोजावे. थेंब एकाच चौकटीतून न घेता वरच्या व खालच्या कोठ्यांतून, तसेच उघड्या व मेणबंद घरांतून वेगवेगळे घ्यावेत. खालच्या कोठीतल्या मधात पाणी जास्त राहिले असेल तर कोठ्यांची अदलाबदल करावी. चौकटी आठवडाभर तशाच ठेवू नयेत, कारण माश्यांची राखण नसलेल्या पोळ्यात मेणकिडा शिरतो.

पाण्याचा आकडा १८ टक्क्यांच्या आसपास आला की मध त्याच कोरड्या खोलीत यंत्रातून काढावा, आणि गाळून लगेच पूर्ण कोरड्या, घट्ट झाकणाच्या भांड्यात भरावा. उघड्या परातीत रात्रभर राहिलेला मध पुन्हा पाणी ओढून घेतो.