महागडा ब्लेंडर घेतलाय? रिटर्नची मुदत संपायच्या आत त्यात आपला स्वयंपाक करून बघा

अमेरिकेत नवीन संसार लागला की वर्षा-दोन वर्षात हा प्रश्न येतोच, की भारतातून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा, तो ट्रान्सफॉर्मरशिवाय चालत नाही, आणि सगळे म्हणतात व्हायटामिक्स घे किंवा ब्लेंडटेक घे, पण चारशे-पाचशे डॉलर टाकून त्यात आपलं वाटण होतं का हे कोणीच नीट सांगत नाही. जे व्हिडिओ बघायला मिळतात त्यात सगळीकडे केळं, पालक आणि बर्फ. अहो केळं तर हाताने पण कुस्करता येतं! आपल्याला बघायचंय ओलं खोबरं, भिजलेले तांदूळ, दाण्याचं कूट. मी एक ब्लेंडर घेऊन परत केला, मग दुसरा घेतला आणि तो चार वर्षं रोज ओट्यावर आहे, त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहितेय.

आधी खोक्यावरचे आकडे. तिथे मोठ्या अक्षरात पीक हॉर्सपॉवर लिहिलेली असते, ३ किंवा साडेतीन वगैरे, ती सोडून द्या. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, आणि इथला साधा प्लग १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॅट, म्हणजे फार तर २.४ हॉर्सपॉवर. भिंतीतून तेवढी वीजच येत नाही तर मोटर सतत साडेतीन देणार कुठून. पीक म्हणजे फक्त क्षणभराचा आकडा. मशीन उलटं करून खालच्या पट्टीवर वॅट किंवा अँपिअर काय छापलेत ते वाचा, तुलना करायची तर त्याची करा.

आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाची आहे मोजपट्टी. इथे ओटा आणि वरचं कपाट यात साधारण १८ इंच जागा असते आणि व्हायटामिक्सचं ५२०० हे जुनं गाजलेलं मॉडेल उंच भांड्यासकट साडेवीस इंचाच्या आसपास जातं, म्हणजे ते कपाटाखाली बसतच नाही, दर वेळी भांडं काढून बाजूला ठेवावं लागतं. बुटकं रुंद भांडं असलेली मॉडेलं कपाटाखाली बसतात. हे मी एवढं का सांगतेय, तर ब्लेंडर खालच्या कपाटात गेला की संपला, पाच-सहा किलोचं धूड रोज वाकून कोणी काढत नाही. ओट्यावर कायमची जागा मिळणार नसेल तर घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि इथेच भांड्याच्या आकाराचा पेच आहे. रुंद भांड्यात पाती मोठी, साधारण ४ इंचाची, ती झाकली जाईल एवढा माल घातला नाही तर सगळं उडून भिंतीला चिकटतं आणि खाली पाती नुसती हवेत फिरते. उंच निमुळत्या भांड्यात पाती ३ इंचाच्या आसपास, त्यामुळे त्यात थोडं कमी वाटण चालतं. म्हणजे कपाटाखाली बसणारं भांडं वाटणाला वाईट आणि वाटणाला जरा बरं असलेलं भांडं कपाटाखाली बसत नाही. दोघांच्या घराला आणि सहा जणांच्या घराला वेगळं उत्तर आहे, आपण एका वेळी किती वाटतो ते आठवा आणि मग ठरवा.

आता घरी आल्यावरची परीक्षा. पहिल्या दिवशी फक्त पाणी. भांड्यात ३ कप पाणी, सगळ्यात कमी स्पीडपासून वर न्या, मधे भोवरा नीट पडतो का, मशीन ओट्यावर सरकतं का, आवाज एकसारखा आहे की मधेच खरखर येते ते बघा. पहिल्या एक-दोन वेळा मोटरचा थोडा वास येतो, त्याला घाबरू नका, पण तो चार-पाच वेळा वापरूनही आला तर लक्ष ठेवा. मग ही एक गोष्ट नक्की करा: भांडं उचलून एका पांढऱ्या टिश्यूवर दहा मिनिटं ठेवा. माझ्या पहिल्या ब्लेंडरच्या वेळी टिश्यूवर रुपयाएवढा काळपट ओला डाग उमटला होता, बुडातल्या बेअरिंगमधून पाणी झिरपत होतं. तेव्हा मी दुर्लक्ष केलं, वाटलं धुताना राहिलेलं पाणी असेल, आणि तिसऱ्या आठवड्यात ताकात करडी रेघ दिसली तेव्हा डोळे उघडले. मुदतीत होतं म्हणून पैसे परत मिळाले. भांडं कोरडं असताना खालची दात्यांची चकती हाताने फिरवूनही बघा, ती थोडं दाबून धरल्यासारखी फिरायला हवी, खडखडत मोकळी फिरली तर आतलं बेअरिंग ढिलं आहे.

दुसऱ्या दिवशी वाटण. अर्धी वाटी ओलं खोबरं, चार हिरव्या मिरच्या, आलं, मूठभर कोथिंबीर, जिरं, आणि पाणी फक्त दोन-तीन चमचे, जसं आपण मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात करतो तसंच, ब्लेंडरवर दया म्हणून पाणी वाढवू नका. किती वेळा थांबून कडा खरवडाव्या लागल्या ते मोजा. दांडा मिळतो काही ब्लेंडरसोबत, झाकणातून आत घालून ढकलायला, त्याने फरक पडतो पण एवढ्याशा मालाला दांडासुद्धा पोचत नाही. आणि शेवटी पातीखाली अडकलेलं वाटण काढून बघा, म्हणजे खरंच काढून वाटीत मोजा, आमच्याकडे जवळजवळ दोन चमचे तिथेच राहायचं, अर्ध्या वाटीतलं दोन चमचे म्हणजे केवढं! हे जवळपास सगळ्या मोठ्या ब्लेंडरचं दुखणं आहे. आपल्या मिक्सरचं छोटं भांडं बुडाशी अरुंद आणि पाती अगदी तळाला टेकलेली असते, ते बनवलंच कोरड्या आणि थोड्या वाटणासाठी. ब्लेंडर बनवलाय पातळ आणि भरपूर मालासाठी. एकदा हे डोक्यात बसलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

मग दाण्याचं कूट. वाटीभर भाजलेले सोललेले दाणे, फक्त पल्स, एकेक सेकंदाचे, प्रत्येक पल्सनंतर भांडं हलवा. खाली लोणी आणि वर अख्खे दाणे असं झालं तर कुटाला हे मशीन निरुपयोगी. साबुदाण्याच्या खिचडीला लागतं तसं कोरडं रवाळ कूट माझ्या ब्लेंडरमध्ये दहा-बारा पल्सनंतर येतं पण दोन वाट्या दाणे घातले तरच. खडा मसाला मात्र प्लास्टिकच्या भांड्यात दळू नका, लवंग-दालचिनीने भांडं धुरकट होतं आणि तो वास मग सरबताला पण येतो. मसाल्यासाठी कोरड्या दळणाचं वेगळं भांडं मिळतं, त्याची किंमत पण हिशोबात धरा.

डोशाच्या पिठाची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची आणि ती कोणीच करत नाही. मोटर जी वीज खाते ती जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. समजा मशीन १००० वॅट घेतंय आणि त्यातली निम्मी जरी पिठात उतरली तरी एक लिटर पीठ मिनिटाला ७ अंश सेल्सिअसने तापतं. दोन-तीन मिनिटं सलग फिरवलं की पीठ चांगलं गरम, उडीद डाळीचा हलकेपणा जातो, आणि मग लोक म्हणतात इडली दगड झाली, हवा थंड होती म्हणून पीठ आलं नाही. तर स्वयंपाकाचं थर्मामीटर घ्या, वाटायच्या आधी आणि नंतर मोजा. बर्फाचं पाणी घालून, चाळीस-पन्नास सेकंदांच्या दोन फेऱ्यांत, मधे थांबून उडीद फुलून आला आणि पीठ हाताला कोमट लागलं नाही तर ब्लेंडर पास. मला हे जमायला तीन वेळा लागलं, पण आता तांदूळ तर इतके सुंदर वाटले जातात की मिक्सरमध्ये चार घाण्यात होणारं काम दोनात होतं.

हीच उष्णता सूपला वरदान आहे. टोमॅटो, गाजर, आलं, लसूण, पाणी, सगळं कच्चं आणि थंड घालून सहा-सात मिनिटं पूर्ण स्पीडला फिरवलं की वाफाळतं सूप बाहेर येतं, नुसत्या घर्षणावर. बी आणि साल कुठे गेलं ते कळत नाही. चिमटीत घेऊन बोटांत चोळा, कणी लागली तर एवढे पैसे देण्यात अर्थ नाही कारण हेच काम साध्या साठ डॉलरच्या ब्लेंडरला जमत नाही, फरक इथेच दिसायला हवा. पण आधीच गरम असलेलं घालणार असाल तर झाकणाला हवा जायची सोय हवी आणि स्पीड अगदी कमीपासून सुरू करा. आणि ते प्रवासाचे बंद कप येतात ना सोबत, त्यात गरम काही कधीच नाही, आत वाफ कोंडून उघडताना अंगावर येतं.

आणि माझी सगळ्यात आवडती परीक्षा, सोलकढीचं नारळाचं दूध. इथल्या भारतीय दुकानात फ्रोझन खवलेलं खोबरं मिळतं, ते दोन वाट्या आणि अडीच वाट्या कोमट पाणी, एक मिनिट, मग पंचातून पिळा. उरलेला चोथा तव्यावर दोन मिनिटं परतून तोंडात टाका. चव लागली म्हणजे रस आतच राहिला, भुशासारखा बेचव लागला म्हणजे ब्लेंडरने काम चोख केलं. मी मिक्सरमधला आणि ब्लेंडरमधला चोथा दोन वाट्यांत शेजारी ठेवून बघितला होता, मिक्सरचा पांढरा ओलसर, त्यातून दुसऱ्यांदा दूध निघालं असतं, आणि ब्लेंडरचा इतका बारीक की पंचाच्या विणीतून थोडा पाझरला. ज्या घरात आठवड्याला सोलकढी, सार, बदामाचं दूध होतं त्या घराला ब्लेंडर फळतो, हे मी त्या दोन वाट्या बघून ठरवलं.

धुणं सोपं आहे, पाणी आणि साबणाचा थेंब घालून मिनिटभर फिरवायचं. हळद मात्र चिकटते, भांडं पिवळं पडलं तर उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोन दुपारी पुरतात. बुड पाण्यात भिजत ठेवू नका, बेअरिंग त्यानेच जातं.

आवाजाचं बोलायलाच हवं. फोनवर डेसिबल मोजायचं अॅप टाका आणि हातभर अंतरावर मोजा, पूर्ण स्पीडला ९० च्या आसपास दिसलं तर नवल नाही. दिवसभराच्या कामासाठी ८५ ची मर्यादा धरतात, आपण मिनिटभरच चालवतो त्यामुळे कानाला तसा धोका नाही, पण अपार्टमेंटमध्ये सकाळी सहाला चालवणार असाल किंवा तान्हं बाळ असेल तर एकदा त्याच वेळी चालवून बघा, घरातल्यांना विचारा.

वॉरंटीत वर्षं किती यापेक्षा काय काय धरलंय ते वाचा. व्हायटामिक्सच्या ५२०० ला ७ वर्षं आणि असेंट मालिकेला १० वर्षं मिळतात. कंपनीकडूनच दुरुस्त करून विकलेले पण असतात, वॉरंटीसकट, आणि बरेच स्वस्त, मी दुसऱ्या वेळी तसाच घेतला आणि मला अजून तरी तक्रार नाही. पण विचारायचं असं, की भांड्याची पाती धरलीय का, पाठवायचा खर्च कोणाचा, नुसतं भांडं विकत मिळतं का आणि केवढ्याला. मोटरवरची दात्यांची सॉकेट मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते, ताण आला तर ती तुटावी आणि मोटर वाचावी म्हणून, ती घरी बदलता येते का तेही बघा. आणि पुढे भारतात परत जायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, १२० व्होल्टचा ब्लेंडर तिथे थेट लावला की संपलाच.

आता माझ्याकडे काय आहे ते सांगते. ओट्यावर ब्लेंडर, आणि शेजारी इथल्या विजेवर थेट चालणारा ११० व्होल्टचा आपला भारतीय मिक्सर, प्रीतीसारख्या कंपन्यांचे इथे मिळतात. चटणी, कूट, गोडा मसाला मिक्सरवर, बाकी सगळं ब्लेंडरवर. एकालाच पैसे असतील आणि घरात रोज वाटणाची भाजी असेल तर मिक्सर आधी घ्या, ब्लेंडर नंतर.

आणि खोकं टाकू नका. थर्माकोलसकट कपाटावर ठेवा, रिटर्नची शेवटची तारीख त्यावर मार्करने मोठी लिहा, आणि त्याच्या चार दिवस आधी डोशाचं पीठ आणि टिश्यूची परीक्षा परत एकदा करा, कारण झिरपणं पहिल्या दिवशी दिसतंच असं नाही, आणि दिसलं तरी माझ्यासारखं तिसऱ्या आठवड्यापर्यंत लक्षात येत नाही.