मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवताय? या चुका टाळा

2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि घरी मराठी न बोलणारी मुलं वर्गात मोठ्या संख्येनं आली. शिकवण्याची पद्धत मात्र तीच राहिली. मराठी घरातल्या मुलाला 'कर्मणी प्रयोग' हे फक्त नाव शिकायचं असतं, वाक्य त्याला आधीच येतं. हिंदी घरातल्या मुलाला वाक्यच हवं असतं आणि आपण त्याच्या हातात नाव ठेवतो.

भूतकाळाची सुरुवात 'मी'पासून करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती वर्षानुवर्षं त्याच क्रमानं घडते. पहिले दोन आठवडे 'मी आलो, मी गेलो, मी बसलो' झकास चालतं. मग मुलगा म्हणतो, "मी पोळी खाल्लो." बाई दुरुस्त करतात, "खाल्लो नाही, खाल्ली." कारण सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, "मी आंबा खाल्ली." वहीत लाल रेघ येते. आठवड्याभरानं "मी घरी गेली" असं ऐकू येतं, वर्ग हसतो आणि त्यानंतर तो मुलगा तोंड उघडत नाही.

या तिन्ही वाक्यांत निष्काळजीपणा कुठंच नाही. पहिल्यात त्यानं क्रियापद कर्त्याशी जुळवलं, दुसऱ्यात 'खाणे'ला 'ली' लागते असं मानलं, तिसऱ्यात 'मी'ला 'ली' लागते असं मानलं. दरवेळी नियम बांधला आणि दरवेळी तो आपल्या अर्धवट दुरुस्तीवरून बांधला. बोलताना जीभ घसरणं वेगळं आणि डोक्यात चुकीचा नियम बसणं वेगळं, हा फरक भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्येच मांडला होता. घसरलेलं मूल स्वतःच सुधारतं. नियम चुकलेल्या मुलाला नुसतं बरोबर उत्तर सांगून काहीही होत नाही.

खरं तर हा नियम त्याला येतो. हिंदीत तो 'मैंने रोटी खाई' म्हणतो, म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतोच. फक्त तिथं 'ने' ही खूण दिसते आणि मराठीतल्या 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही'ला ती नसते. म्हणून सकर्मक भूतकाळ तृतीय पुरुषापासून सुरू करा: त्याने आंबा खाल्ला, त्याने पोळी खाल्ली, त्याने केळं खाल्लं. तीन लिंगांची तीन कर्मं, एकच कर्ता. मग 'त्याने'च्या जागी 'तिने' आणि 'रामाने' घाला. क्रियापद हलत नाही हे मुलांना दिसू द्या. 'मी' सगळ्यात शेवटी. 'तू खाल्लीस'मधला 'स' त्याच तासात आणू नका. 'बोलणे', 'विसरणे' मराठीत कर्त्याप्रमाणे चालतात आणि हिंदीतही त्यांना बहुधा 'ने' नसतो, त्यामुळे तिथं मुलं फारशी अडत नाहीत. अडतात ती 'शिकणे' आणि 'पिणे'पाशी: 'मैंने सीखा' पण 'मी शिकलो', 'मैंने दूध पिया' पण 'मी दूध प्यायलो'. ही दोन क्रियापदं वेगळी काढून शिकवा.

आणि सोलापूरकडचं मूल 'मी काम केलो' म्हणालं तर ते अडाणी नाही. ती त्याच्या बोलीची रीत आहे. प्रमाण रूप जोडीला द्या, बोलीवर काट मारू नका.

हिंदी 'का-की-के'च्या जागी 'चा-ची-चे'

झटपट मराठीच्या पुस्तिकांचा हा लाडका तोडगा. यातून 'शाळाचा गेट' आणि 'माझा घर' तयार होतं, कारण सामान्यरूप (प्रत्ययाआधी बदलणारं नामाचं रूप) आणि नपुंसकलिंग दोन्ही गळतात. दोन दिवस वाचतात आणि पुढची दोन वर्षं दुरुस्तीत जातात. घाई असलेल्यांनाही मी हा तोडगा देत नाही.

नाम कधीही एकटं फळ्यावर लिहू नये. 'ती बाग, बागा, बागेत' आणि 'ती भिंत, भिंती, भिंतीत' असं तिहेरी लिहावं. व्यंजनान्त (उच्चारात व्यंजनानं संपणाऱ्या) स्त्रीलिंगी नामाचं सामान्यरूप अनेकवचनावरून कळतं: 'विटा' तर 'विटेला', 'भिंती' तर 'भिंतीला'. प्रथमा ते संबोधन हा विभक्तींचा तक्ता पहिल्या वर्षी कपाटातच राहू द्या.

'च'चे दोन उच्चार म्हणजे अपवादांची यादी नव्हे

'चाक'मधला च दातांजवळचा, म्हणजे दंततालव्य; 'चेंडू'मधला टाळूजवळचा, म्हणजे तालव्य. इ, ई, ए आणि य यांच्या आधी च, ज, झ सहसा तालव्य असतात. 'चंद्र', 'जल' असे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्दही तालव्य. उरलेल्या मराठी शब्दांत बहुधा दंततालव्य: चूल, चोर, जाळं. 'चार' आणि 'चहा' मात्र लक्षात ठेवावे लागतात. सराव 'त्याचा–त्याची', 'माझा–माझी' या जोड्यांवर घ्या. एकाच शब्दात दोन्ही उच्चार आलटून पालटून येतात. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, ही जोडी कानाच्या परीक्षेला उत्तम.

उरलेलं थोडक्यात

'आपण' आणि 'आम्ही' एकाच तासात शिकवा, ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून. हिंदीत हा भेद नाही, गुजरातीत आहे.

'कमळ' लिहिताना अक्षरं तीन, उच्चारात अवयव (एका झटक्यात म्हटले जाणारे तुकडे) दोन: क-मळ. लिपीवरून उच्चार शिकवू नका.

'ळ' आधी ऐकवा, मग म्हणायला लावा: काल–काळ, बाल–बाळ. डोळे मिटून फरक ओळखता येईपर्यंत मुलांना तो उच्चारायला सांगू नका.