‘ब्रेकिंग डॉन’ घरातल्या मुलीबरोबर कसे वाचावे

बडोद्यातल्या मराठी घरांत मुले शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती आणि जेवताना मराठी बोलतात, त्यामुळे त्यांची इंग्रजी पुस्तके मोठ्यांच्या नजरेतून सहज सुटतात. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या चौदा वर्षांच्या भाचीने स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेचे २००८ साली आलेले चौथे पुस्तक हाती घेतले, तेव्हा वहिनीचा विचार ते कपाटात टाकण्याचा होता. मी ते तिच्याबरोबर वाचले. ज्यांना तसे करावयाचे असेल, त्यांनी आधीची तीनही पुस्तके क्रमाने वाचलेली असावीत, कारण बेला, तिचा रक्तपिपासू प्रियकर एडवर्ड आणि तिच्यावर प्रेम करणारा, लांडग्याचे रूप घेणारा मित्र जेकब यांच्यातील तिढा येथे पुन्हा पहिल्यापासून सांगितलेला नाही.

सुरुवात मुखपृष्ठापासून करावी. त्यावर पुढे बुद्धिबळातील पांढरा वजीर आणि मागे लाल प्यादे आहे. इंग्रजीत वजिराला राणी म्हणतात, हे मुलीला आवर्जून सांगावे, नाहीतर चित्रातली बेला तिला दिसणारच नाही. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की त्याचा वजीर होतो, हा नियम मात्र तिला ठाऊक असतोच.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिली सात प्रकरणे बेला सांगते. लग्न आणि ब्राझीलजवळच्या बेटावरची मधुचंद्राची सहल हा भाग मुली दोन बैठकींत संपवतात, तेथे अडून राहू नये. आठव्या प्रकरणापासून मात्र निवेदन जेकबकडे जाते (भाची त्याला याकूबच म्हणते, आणि मलाही ती सवय लागली). अठराव्या प्रकरणापर्यंतचा हा भाग एका वेळी एकच प्रकरण, मोठ्याने, याप्रमाणे वाचावा. बेलाचे जिवावर बेतलेले गरोदरपण येथे बाहेरून, चिडलेल्या मुलाच्या नजरेने दिसते, आणि प्रसूतीचे वर्णन रक्ताने भरलेले आहे. ते गाळू नये. पण रात्री झोपण्यापूर्वीही वाचू नये. नवजात मुलीशी जेकबचे जे अतूट नाते जडते, त्यावर मुलीला काय वाटते ते विचारावे आणि आपले मत नंतर द्यावे. मला स्वतःला ते नाते शेवटपर्यंत खटकले.

बाळाचे नाव दोन्ही आज्यांच्या, रेने आणि एस्मी यांच्या, नावांची सांगड घालून ‘रेनेस्मी’ असे ठेवले आहे. बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा, त्यामुळे येथे मी थोडी रुसले, हे भाचीने घरभर सांगितले.

तिसऱ्या भागात बेला रक्तपिपासू होते आणि व्होल्टुरी, म्हणजे त्या जमातीचे इटलीतले सत्ताधीश, बाळाचा निवाडा करण्यास निघतात. एडवर्डची बहीण ॲलिस अचानक निघून जाते आणि तिची चिठ्ठी शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकाच्या फाडलेल्या पानावर लिहिलेली असते; तेथे पुस्तक मिटावे. त्या नाटकातल्या शेरभर मांसाच्या खटल्याची गोष्ट मुलीला सांगावी आणि शेवट काय होईल ते तिला कागदावर लिहावयास लावावे. चित्रपटाचा दुसरा, २०१२ सालचा भाग तोवर दाखवू नये, कारण त्यात एक मोठी लढाई आहे आणि पुस्तकात ती नाही. भाचीने लिहिले होते, “सगळे मरतील, फक्त याकूब वाचेल.” शेवटचे प्रकरण संपल्यावर तिने तो कागद माझ्या हातातून हिसकावून घेतला.