कुत्रा-मांजर विमानाने परदेशी न्यायचंय? आधी तारखा जुळवा

जायचा देश पक्का झाला की त्याच दिवशी त्या देशाच्या पशुआरोग्य विभागाची साइट उघडा आणि तुम्ही ज्या देशातून निघणार आहात तो त्यांच्या यादीत कुठे बसतो ते पाहा. तिकिटाचं नंतर. रेबीज आटोक्यात असलेल्या देशातून निघत असाल तर महिन्या-दीड महिन्यात काम उरकू शकतं. धोक्याच्या यादीतल्या देशातून निघत असाल तर सात-आठ महिने हाताशी ठेवा. यातला बराचसा वेळ नुसता वाट पाहण्यात जातो आणि पैसे टाकून तो कमी होत नाही.

क्रम असा: मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची चिप), रेबीजची लस, रक्ताची टायटर टेस्ट (लसीने रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं पुरेशी तयार झाली का ते मोजणारी), थांबण्याचा काळ, सरकारी हेल्थ सर्टिफिकेट, उड्डाण. हा क्रम उलटासुलटा झाला तर बहुतेक देशांत चुकलेल्या पायरीपासून सगळं पुन्हा करावं लागतं.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी हवी. ती लसीच्या आधी बसवा, फार तर त्याच दिवशी. चिप नसताना टोचलेली लस नेमक्या याच प्राण्याला दिली याचा पुरावा राहत नाही, म्हणून युरोपियन युनियन ती धरतच नाही. दर वर्षी न चुकता लस दिलेल्या कुत्र्यालाही अशा वेळी पुन्हा टोचून घ्यावं लागतं. प्रत्येक भेटीत डॉक्टरांना आधी चिप स्कॅन करायला सांगा. खांद्यांच्या मध्ये बसवलेली चिप कधी कधी सरकून पुढच्या पायाकडे जाते, तेव्हा स्कॅनर सगळ्या अंगावरून फिरवायला लावा. नंबर तुम्ही स्वतः एकेक अंक मोठ्याने वाचून कागदाशी ताडा. एक अंक चुकला तरी कागद त्या प्राण्याचा राहत नाही.

युरोपियन युनियनसाठी पहिली लस प्राणी १२ आठवड्यांचा झाल्यावर द्यायची आणि ती २१ दिवसांनी ग्राह्य होते. युनियनच्या मान्य देशांच्या यादीत नसलेल्या देशातून येणाऱ्यांना याशिवाय टायटर टेस्ट लागते: लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, मान्यताप्राप्त लॅब, निकाल ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर किंवा जास्त, आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबणं. लागण झाल्यावर रेबीजची लक्षणं दिसायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात. रक्त घेताना प्राणी आधीच बाधित असेल तर ते या काळात उघड व्हावं, हा त्यामागचा हेतू. टायटर कमी आला तर पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तेच तीन महिने. आणि एक गोष्ट फार लोकांना महाग पडते: लसीचा पुढचा डोस एक दिवस जरी उशिरा दिला तरी आधीची टेस्ट बाद होते. डोसची तारीख फोनमध्ये दोनदा नोंदवून ठेवा.

जपानला धोक्याच्या देशातून नेताना चिपनंतर किमान ३० दिवसांच्या अंतराने दोन लसी, मग टायटर, मग रक्त घेतल्यापासून १८० दिवस. पोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या क्वारंटाइन विभागाला कळवायचं. दिवस कमी भरले तर उरलेले दिवस प्राण्याला क्वारंटाइन केंद्रात काढावे लागतात. ऑस्ट्रेलिया सगळ्यात कडक. त्यांच्या मान्य यादीत नसलेल्या देशातून थेट जाताच येत नाही, आधी एखाद्या मान्यताप्राप्त देशात अटी पूर्ण कराव्या लागतात. त्यानंतरही मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात १० किंवा ३० दिवस मुक्काम असतो. प्राण्याची ओळख आधीच सरकारी पातळीवर पडताळून घेतली असेल तरच १० दिवसांवर सुटका. या केंद्रातली जागा लवकर भरते, तेव्हा परमिट हातात पडताच बुकिंग करा.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम बदलले. कुत्रा किमान ६ महिन्यांचा, चिप असलेला हवा आणि सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा. रेबीजच्या धोक्याच्या देशात लस घेतलेल्या कुत्र्यांसाठी आणखी कागद आणि ठरावीक विमानतळावरच्या नोंदणीकृत केंद्रात आगाऊ बुकिंग लागतं. मान्य टायटर नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. ब्रिटनमध्ये विमानाने येणारे कुत्रे-मांजरं मॅनिफेस्ट कार्गोनेच, म्हणजे मालाच्या यादीत नोंदवलेला माल म्हणूनच येतात. केबिनमध्ये मांडीवर घेऊन उतरता येत नाही, अपवाद मदतनीस कुत्र्यांचा. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे इथे कुत्र्याला टेपवर्मचं प्राझिक्वांटेलचं औषध पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी डॉक्टरांनीच द्यावं लागतं, वेळेच्या नोंदीसह. ते साधारण दोन दिवस आधी द्या. मग विमान एक-दोन दिवस पुढे गेलं तरी औषध मुदतीतच राहतं. चौथ्या-पाचव्या दिवसावर ठेवलं तर एका रद्द उड्डाणाने सगळं फसतं.

हेच हेल्थ सर्टिफिकेटचं. युरोपियन युनियनचं सर्टिफिकेट सरकारी डॉक्टरांच्या सहीपासून १० दिवसांत प्रवेशाच्या ठिकाणी दाखवावं लागतं. सरकारी कार्यालयं शनिवार-रविवारी बंद, म्हणून उड्डाण आठवड्याच्या मधल्या दिवसाचं घ्या आणि मागेपुढे जोडसुट्टी नाही ना ते दोन्ही देशांच्या कॅलेंडरवर बघा.

आता विमान. लहान प्राणी काही एअरलाइन केबिनमध्ये सीटखालच्या बॅगेत नेऊ देतात. बॅगेसकट वजन साधारण ८ किलोच्या आत लागतं, नेमका आकडा एअरलाइनचा. दुसरा मार्ग तुमच्याच उड्डाणात चेक-इन सामान म्हणून, तिसरा स्वतंत्र एअर वेबिलवर (विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीवर) कार्गो. कार्गो म्हटलं की लोक घाबरतात, पण जिवंत प्राण्यांसाठीच्या कप्प्यात हवेचा दाब प्रवाशांच्या भागाइतकाच असतो, तापमान राखलं जातं आणि आत प्राणी आहे याची वैमानिकाला लेखी सूचना असते. खरा धोका जमिनीवर असतो: धावपट्टीच्या कडेला ट्रॉलीवर उन्हात थांबलेला क्रेट (प्राणी न्यायचा पेटीसारखा पिंजरा). म्हणून उन्हाळ्यात रात्रीचं किंवा पहाटेचं उड्डाण घ्या. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही. त्यांना अनेक एअरलाइन घेतच नाहीत. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी श्वासनलिका तपासून ‘नको’ म्हटलं तर तो शब्द अंतिम माना.

शक्य तितकं थेट उड्डाण निवडा. थांबा टळत नसेल तर सगळा प्रवास एकाच एअरलाइनचा, एकाच एअर वेबिलवर ठेवा. मध्ये एअरलाइन बदलली तर काही देश प्राणी तिथे आयात झाला असं धरून त्यांचे कागद मागतात. कुत्र्याच्या जातीवर बंदी नाही ना तेही दोन्हीकडे, थांब्याच्या देशातसुद्धा, पाहा. ब्रिटनमध्ये पिटबुल टेरियर, जॅपनीज तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो आणि एक्सएल बुली यांना बंदी आहे. घरात आफ्रिकन ग्रे पोपट असेल तर विषयच वेगळा: तो २०१७ पासून साइट्स (CITES) या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, निर्यात आणि आयात दोन्ही परवाने लागतात.

विमानतळावर प्राणी परत पाठवला जातो तो बहुतेक वेळा क्रेटमुळे. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत मापं घ्यायची ठरलेली पद्धत आहे. प्राण्याला सरळ उभं करा आणि चार मापं घ्या:

अ – नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत लांबी
ब – जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची
क – खांद्यांची रुंदी
ड – जमिनीपासून डोक्यापर्यंत किंवा ताठ कानाच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते

क्रेटची आतली लांबी अ अधिक ब-चा निम्मा, रुंदी क-ची दुप्पट, उंची ड अधिक अंथरुणाची जाडी. चपट्या नाकाच्या प्राण्यांसाठी प्रत्येक माप १० टक्के वाढवा. समजा अ ८०, ब ३०, क २६, ड ६४ सेंटिमीटर आहे. मग आतून लांबी ९५, रुंदी ५२, उंची ३ सेंमीच्या गादीसह ६७ लागेल. हे नेहमी आतून मोजा. विकणारे बाहेरचं माप सांगतात आणि भिंतीच्या जाडीत व छताच्या गोलाईत बरेच सेंटिमीटर जातात.

भाडं मात्र बाहेरच्या मापावर ठरतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागतात आणि येणारा आकडा किलो धरतात. १०२ × ६९ × ७६ चा क्रेट म्हणजे सुमारे ८९ किलो. ३० किलोचा कुत्रा आणि १२ किलोचा क्रेट मिळून ४२ किलो भरले तरी भाडं ८९ किलोचंच. आणखी एक तपासा: त्या मार्गावर कोणतं विमान उडतं. छोट्या विमानाच्या सामानाच्या दारातून मोठा क्रेट आत जातच नाही.

दार धातूचं, चारही बाजूंना हवेच्या जाळ्या, वरचा-खालचा भाग जोडायला प्लास्टिकच्या क्लिपऐवजी धातूचे नट-बोल्ट, चाकं काढलेली. पाण्याची आणि खाण्याची वाटी दारालाच आतून अडकवा, दार न उघडता भरता येईल अशी. वरती हिरवं ‘जिवंत प्राणी’ लेबल, बाजूंना वर दाखवणारे बाण. तळाला शोषून घेणारी चादर; गवत-पेंढा अनेक देशांत चालत नाही. दोन प्राणी एकमेकांचे कितीही जिवलग असले तरी त्यांना वेगवेगळ्या क्रेटमध्येच न्या, भेदरलेले प्राणी एकमेकांना चावतात.

क्रेट निदान महिना-दोन महिने आधी घरात आणून दार उघडं ठेवा. जेवण आतच द्या, मग झोप आत, मग दार काही मिनिटं बंद, मग तासभर. हे झालं तर गुंगीच्या औषधाचा विचारही मनात येत नाही, आणि ते द्यायचंच नाही. त्याने रक्तदाब उतरतो, तोल जातो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, आणि हवेत असताना बघायला कुणी नसतं. गुंगलेला प्राणी दिसला तर एअरलाइन घेत नाही.

निघायच्या दिवशी ४ ते ६ तास आधी हलकं जेवण द्या, पाणी शेवटपर्यंत. आदल्या रात्री पाण्याची वाटी फ्रीझरमध्ये ठेवा. चढवताना बर्फ सांडत नाही, वर गेल्यावर हळूहळू वितळतो. गळ्यातली साखळी काढा, चावायची खेळणी आत ठेवू नका, तुमच्या वासाचा जुना टीशर्ट मात्र ठेवा. मूळ कागद स्वतःजवळ किंवा कार्गोच्या पाकिटात, प्रती क्रेटच्या वर प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवलेल्या.

तिकडे पोचल्यावर कस्टम्स आणि पशुवैद्यकीय तपासणीत काही तास जाऊ शकतात, तेवढा वेळ मोकळा ठेवा. ताबा मिळताच आधी पाणी, मग पट्टा घट्ट लावून थोडं चालवा. क्रेट उघड्यावर उघडू नका, बावरलेलं मांजर क्षणात निसटतं. दोन दिवसांत शी-शू आणि खाणं सुरळीत झालं नाही तर डॉक्टर गाठा. त्याच आठवड्यात चिपचा नंबर नव्या देशाच्या नोंदवहीत नव्या पत्त्यासह आणि नव्या फोन नंबरसह घाला. जुन्या नोंदणीत तुमचा बंद झालेला नंबर असतो, आणि प्राणी हरवला तर स्कॅन करणारा त्याच नंबरवर फोन लावत बसतो.