बिछायत केंद्राला आणि गावच्या मंडळाला वेबसेवा विकताय? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात एखादं तरी बिछायत केंद्र असतंच. मंडप, खुर्च्या, गंज (मोठी पातेली), गुंड (पाण्याची भांडी), पराती, सतरंज्या, जनरेटर आणि मालकाच्या हाताशी एक लांब वही. तारीख, नाव, गाव, सामान, बयाना, बाकी. लहान गावात हेच काम मंडळ करतं. भजनी मंडळ, गुरुदेव सेवा मंडळ किंवा गणेश मंडळ वर्गणीतून भांडी घेतं, समाजमंदिराच्या खोलीत ठेवतं आणि गावात लग्न-तेरवी निघाली की नाममात्र भाड्यानं देतं.

या दोघांसाठी मी एक छोटी वेबसेवा चालवतो. कोणत्या दिवशी कोणतं सामान कुठे आहे, किती परत आलं, किती घट आली आणि बाकी किती, एवढंच ती सांगते. ती बनवायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ ती लोकांच्या हातात पोचवण्यात गेला. काही चुका माझ्याच झाल्या, काही याच वाटेवरच्या इतर पोरांकडून होताना पाहिल्या. चांगली वस्तू बनवूनही कुणी वापरली नाही म्हणून गाव सोडून पुण्याला नोकरीला गेलेली पोरं मला माहीत आहेत. त्यांच्या वस्तूत खोट नव्हती, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

वहीला नावं ठेवू नका

पहिल्याच दुकानात मी सांगितलं, "काका, आता वहीची गरज नाही." काकांनी मान न उचलता विचारलं, "माह्या वहीत का वाईट हाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या वहीत गिऱ्हाइकाची सही असते. उधारीवरून वाद झाला तर तीच पुढे ठेवतात. तिला चार्जिंग लागत नाही, आणि जुनी पानं वडिलांच्या अक्षरातली असतात. तुमचा सामना दुसऱ्या कुठल्या ॲपशी नाही, या वहीशी आहे, आणि तिच्याशी भांडलात की माणूस वहीच्याच बाजूला उभा राहतो. आता मी वही तशीच राहू देतो. तिला जे जमत नाही तेवढंच दाखवतो.

सगळ्यात चांगलं उदाहरण प्रकट दिनाचं. 23 फेब्रुवारी 1878 ला, माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराज शेगावात प्रकट झाले. त्या तिथीला वऱ्हाडात गावोगाव महाप्रसाद असतो, म्हणजे एकाच दिवशी पंचक्रोशीतल्या सगळ्या गावांना मोठे गंज हवे असतात. एक जण दिवाळीतच "प्रकट दिनाले ठेवजा" म्हणून बयाना देऊन जातो आणि त्याची नोंद तिथीनं होते. दुसरा जानेवारीत येतो आणि तारीख सांगतो, ती नोंद दहा पानं पुढे तारखेनं होते. दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या आहेत हे वहीला कळत नाही. ते कळतं तेव्हा दोन गावांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दारात उभ्या असतात. हा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला समजवावं लागत नाही. मी स्क्रीनवर प्रकट दिन उघडतो, तिथी आणि तारीख शेजारी-शेजारी दिसतात, आणि त्या दिवसाचे किती गंज दिले, किती उरले ते दाखवतो. अक्षय तृतीयेचंही तसंच. बाकीची सोय तो स्वतः विचारेल तेव्हा सांगा.

पंचांग न पाहता गावात जाऊ नका

चूक वेळेची असली की बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग होत नाही. एप्रिल-मे मध्ये बिछायतवाला रात्री मंडप सोडतो आणि पहाटे दुसरीकडे बांधतो. त्याला तेव्हा काही दाखवू नका. जून लागला, मृग निघाला की मंडळाचे सगळे सभासद वावरात. पेरणी, मग डवरणी, निंदण. अध्यक्षापासून शिपायापर्यंत सगळे कास्तकार, बैठक कुठून भरणार?

मोकळीक मिळते ती आषाढी एकादशीनंतर. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं जवळजवळ बंद. बिछायतवाला गोडाऊन झाडतो, फाटक्या कनाती शिवतो, भांड्यांना कल्हई करायची असेल तर ती करतो. दुकानात बसून दोन तास बोलायला तो याच दिवसांत सापडतो. मंडळांचं त्याहून आखडतं आहे. पोळ्याला श्रावण संपतो आणि चौथ्या दिवशी गणपती बसतो, म्हणून गणेश मंडळाची खरी बैठक श्रावणातच होते. पोळा झाल्यावर गेलात तर वर्ष गेलं.

आणि सगळा विदर्भ एकाच मापानं मोजू नका. हे मी पश्चिमेकडच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्याचं सांगितलं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा धानपट्टा, म्हणजे झाडीपट्टी, वेगळा चालतो. तिकडे दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, गावोगावची मंडळं तिथे जाऊन प्रयोग ठरवतात, आणि प्रयोग ठरला की मंडप, दिवे, जनरेटर, बिछायत सगळं लागतं. तिकडचा बिछायतवाला दिवाळीनंतर तुमच्याशी बोलणार नाही. वऱ्हाडी बोलत तिकडे गेलात तर चालतं, पण झाडीबोलीतले सामानाचे शब्द आधी ऐकून घ्या. मी ते न ऐकता गेलो होतो आणि माझ्या यादीतल्या निम्म्या वस्तू समोरच्याला ओळखूच आल्या नाहीत.

लिंक पाठवून मोकळे होऊ नका

लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल येते, ती उघडली की फोन परक्याच्या ताब्यात जातो आणि खात्यातले पैसे जातात. अशा फसवणुकीबद्दल पोलिसांनी लोकांना सावध केलं आहे, 1930 हा सायबर तक्रारीचा क्रमांक गावातही माहीत झाला आहे. बिछायतवाल्याचा सगळा धंदा लग्नांचा. अनोळखी नंबरवरून आलेली लिंक त्यानं उघडू नये, हेच बरोबर आहे. त्यानं उघडली नाही म्हणून रागावू नका. एपीके तर कधीच पाठवू नका. दुकानात जा, त्याच्याच फोनवर त्याच्याच हातानं पत्ता टाकायला लावा.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर विसंबणारे बरेच आहेत. एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेला. म्हणून मी भेटीच्या शेवटी एकच गोष्ट मागतो, "काका, माझा नंबर सेव्ह करून ठेवा." तेवढं झालं की पुढचं सोपं. मोठ्या प्रमाणावर एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार नियामक ट्रायच्या 2018 च्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणीच्या व्यवस्थेवर नाव आणि मजकूर दोन्ही नोंदवावे लागतात. थोड्या दुकानांसाठी तो खटाटोप मला परवडला नाही.

क्यूआर कोडचा गोंधळ मात्र मला खरंच आधी सुचला नव्हता. दुकानात चिकटवायला मी छान स्टिकर छापले. लोक ते पैसे द्यायच्या ॲपनं स्कॅन करायचे, तिथे ते चालायचं नाही, आणि "हे खराब हाय" असा निकाल लागायचा. गावात क्यूआर म्हणजे पैसे देणं. स्टिकर लावायचाच तर गल्ल्यापासून लांब लावा, फोनच्या कॅमेऱ्यानं स्कॅन करा असं ठळक मराठीत लिहा, आणि खाली पत्ता देवनागरी उच्चारासह छापा.

मंडळात किल्ली कुणाकडे आहे ते विचारा

अध्यक्ष भेटतो, चहा पाजतो, "मस्त हाय भाऊ, पाहू आपण" म्हणतो. हे "पाहू" म्हणजे नकार असतो आणि तो मान राखून दिलेला असतो. त्याचा पाठपुरावा करून त्या माणसाला अडचणीत आणू नका.

भांड्यांच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो तुमचा खरा गिऱ्हाईक. बहुतेक वेळा तो वयस्क असतो, घर समाजमंदिराजवळ असतं, आणि लग्न आटोपल्यावर रात्री अकरा वाजता भांडी मोजून घेण्याचं ओझं त्याच्या एकट्यावर असतं. चार वाट्या कमी निघाल्या तर गावकीत वाईटपणा त्यालाच येतो. त्याच्याकडे बसलात आणि भांडी परत येताना मोजणीला हात लावलात, तर बैठकीत तुमच्या बाजूनं तोच बोलेल. मला मिळालेली बहुतेक मंडळं अशीच मिळाली.

त्याला नावं त्याच्याच शब्दांत दिसली पाहिजेत. मी सुरुवातीला यादीत "पातेले, मोठे" असं लिहिलं होतं. इथे त्याला गंज म्हणतात, आणि किती किलोचा भात शिजतो त्यावरून ओळखतात. "वीस किलोचा गंज" असं लिहिलं तेव्हा बोट आपोआप बरोबर जागी पडायला लागलं.

आणखी एक अडचण वर्षभरानं उगवते. खातं एखाद्या तरुण सचिवाच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं असतं. कार्यकारिणी बदलते, सचिव कामाला नागपूरला जातो, सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडतं, आणि ओटीपी कुठे जातो कुणालाच कळत नाही. पहिल्याच दिवशी किमान तीन जणांचे नंबर जोडून घ्या, त्यात किल्लीवाला असायलाच हवा. खातं मंडळाच्या नावानं ठेवा.

डेमो झाला, पण नोंदी होत नाहीत

आधी त्या जागी स्वतः उभे राहून पाहा. टिनाच्या गोडाऊनमध्ये रेंज नसते. पान उघडायला वेळ लागला की माणूस वहीकडे वळतो. नेट नसताना नोंद फोनमध्येच राहून नंतर आपोआप चढली पाहिजे. हे न करता जाहिरातीवर खर्च करू नका.

रेंज असूनही नोंदी नसतील तर बहुधा तुम्ही एकदम सगळं भरायला सांगितलं असेल. पहिला महिना फक्त तारखा भरायला सांगा. सामानाची यादी नंतर, उधारी सगळ्यात शेवटी. उधारी हा नाजूक विषय आहे, कारण कास्तकाराच्या लग्नाची बाकी कापूस निघाल्यावर मिळते हे दोघांनाही मान्य असतं. तिथे आठवड्याला वसुलीचा निरोप पाठवणारी सोय सुरू ठेवलीत तर मालकाचे संबंध बिघडतील आणि दोष तुमच्यावर येईल. आमच्याकडे ती बंदच असते.

बचत गटांना हीच सेवा देऊ पाहणारे भेटतात. गटांच्या ताईंना उमेद या सरकारी अभियानाची दप्तरं आणि गटांच्या लोकओएस ॲपमधल्या नोंदी आधीच आहेत. तिसरी नोंद कोण करणार? त्या वाटेला मी गेलो नाही.

पैशाचं

दरमहा आपोआप पैसे कापले जाण्याची सोय यूपीआयमध्ये 2020 पासून आहे. शहरात ती सरळ वाटते. इथे खात्यातून न विचारता पैसे गेले की विश्वास जातो, मग रक्कम किती का लहान असेना. मी वर्षाचे एकदाच घेतो, दुकानदाराकडून लग्नसराई संपताना आणि मंडळाकडून गणपतीचा हिशेब झाल्यावर, आणि छापील पावती देतो. मंडळाला ती पावती बैठकीत दाखवायची असते. फुकट दिलेली खाती मात्र पडूनच राहिली. थोडे पैसे घेतले तिथे अडचण आली की फोन आला, आणि त्या फोनांमधूनच सेवा सुधारली.

या धंद्यात तुमच्याकडे लग्नघरांचे फोन नंबर जमा होतात. ते जाहिरातीसाठी मागायला लोक येतात, माझ्याकडेही आले. ते नंबर तुमचे नाहीत, आणि डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झालेला आहे. मी दिले नाहीत, कधी देणारही नाही. ज्या मालकानं विश्वासानं वहीतली नावं दिली, त्याच्या गिऱ्हाइकाला उद्या परक्या दुकानाचा फोन गेला तर तो माझ्या तोंडाकडेही पाहणार नाही.

यंदा सुरुवात करायची असेल तर आषाढीनंतरचा एक दिवस धरा, एकच बिछायत केंद्र निवडा आणि गोडाऊनमध्ये मालकासोबत सामान मोजायला बसा. गंज, गुंड, पराती, खुर्च्या, एकेक करून. तुम्ही आकडा म्हणा, त्याला वहीत लिहू द्या, आणि वहीतून बघून त्याच्याच हातानं फोनमध्ये भरून घ्या.